आमचे हात कोणीतरी पाहावेत : फिजिओथेरपी शिकवणाऱ्यांना एक खुले पत्र

फिजिओथेरपीच्या पदवीचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यासमंडळांच्या सन्माननीय सदस्यांस, आणि वॉर्डात व ओपीडीत आम्हाला शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांस,

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपीच्या पदवीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. काही महिन्यांनी माझ्या नावापुढे पदवी लागेल आणि पडद्याआड, एखाद्या अनोळखी रुग्णासमोर, मी एकटी उभी असेन. त्यापूर्वी एक गोष्ट आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. या वर्षांमध्ये मी काय लिहिते ते अनेकदा तपासले गेले, मी काय बोलते ते व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ऐकले गेले, मी किती तास हजर होते ते काटेकोरपणे मोजले गेले. परंतु रुग्णाला हात लावताना माझे हात प्रत्यक्षात काय करतात हे कोणी जवळ उभे राहून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले, असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील. माझ्याबरोबर शिकणाऱ्यांशी बोलले तेव्हा त्यांचाही अनुभव फारसा वेगळा निघाला नाही. म्हणून या पत्रातली मागणी एकच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णावर उपचार करताना नियमितपणे पाहावे, पाहिल्यावर लगेच त्याच्याशी बोलावे, आणि त्या पाहण्याला लेखी परीक्षेइतके वजन द्यावे.

आधी एक प्रसंग सांगते. न्यूरोच्या, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांच्या, वॉर्डातल्या पोस्टिंगचा माझा दुसरा आठवडा चालू होता. पक्षाघाताने डावी बाजू गेलेले एक गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले होते आणि त्यांना व्हीलचेअरमध्ये घ्यायचे होते. मी चाकांचे ब्रेक लावले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या, खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला तिरकी लावली. इथपर्यंत सगळे शिकवल्याप्रमाणे झाले. मग ‘पुढे वाका, आता उठायचे आहे’ असे सांगून मी त्यांच्या डाव्या बगलेत हात घातला आणि वर उचलले. ते उठले, वळले, खुर्चीत बसले. मला वाटले, ट्रान्सफर नीट जमली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खांदा मला हलवूच दिला नाही. उजव्या हाताने डावा दंड अंगाशी धरून ते बसले होते आणि माझा हात जवळ येताच त्यांनी श्वास रोखून धरला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट, ‘रात्री झोपेत अंगाखाली आला असेल’ असे म्हणून त्यांनीच मला सांभाळून घेतले. ते दुखणे माझ्यामुळे सुरू झाले असे मी खात्रीने म्हणू शकत नाही आणि माझ्यामुळे नाही असेही म्हणू शकत नाही, कारण तिथे पाहणारे कोणी नव्हते.

याच विषयावर काही महिने आधी मी लेखी परीक्षेत सविस्तर उत्तर लिहिले होते. खांद्याची खोबण उथळ असते. दंडाच्या हाडाचे गोल डोके तिच्यात जेमतेम टेकलेले असते आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे भोवतीच्या स्नायूंचे असते. पक्षाघातात सुप्रास्पायनेटस आणि डेल्टॉइड हे स्नायू लुळे पडले की लोंबत्या हाताच्या वजनाने ते डोके खाली सरकते, सांध्याभोवतीचे आवरण ताणले जाते, आणि अशा वेळी हात ओढला किंवा बगलेतून उचलले तर खांद्याला इजा होऊन पुढे कित्येक महिने दुखणे मागे लागू शकते. आकृतीसह हे सगळे मी लिहिले होते आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. तरीही त्या सकाळी रुग्णाचे वजन माझ्याकडे झुकले, मी घाबरले, आणि माझे हात जिथे पकड सोपी वाटली तिथे गेले. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने माझी माहिती तपासली, ती बरोबरच होती. हात तपासायला त्या पलंगाशेजारी कोणीतरी हवे होते. ‘थांब, बगलेतून हात काढ, कंबरेच्या पट्ट्याला धर, त्यांचा गुडघा तुझ्या गुडघ्याने अडव’ एवढे एक वाक्य पुरले असते.

त्या दिवसाची नोंद माझ्या लॉगबुकात आहे. तारीख, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, निदान, पुढे ‘ट्रान्सफर ट्रेनिंग’ हे दोन शब्द आणि शेवटच्या रकान्यात सही. आठवड्याच्या शेवटी पंधरा-वीस नोंदींवर एकदम सह्या झाल्या, त्यात याही नोंदीवर झाली. सही करणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्या आठवड्यात त्यांच्या वाट्याला किती रुग्ण आणि किती विद्यार्थी होते हे मी पाहिले आहे. पण ती सही कशाची साक्ष देते, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. मी तिथे होते, याची ती साक्ष आहे. मी काय केले, याची नाही. पदवीसाठी लागणारे क्लिनिकल तास अशा शेकडो सह्यांच्या बेरजेतून पूर्ण होतात आणि ती बेरीज पुढे आमच्या कौशल्याचा पुरावा म्हणून मान्य होते.

आपण म्हणाल की प्रत्यक्ष रुग्णाकडे जाण्यापूर्वी विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात आणि तेव्हा शिक्षक पाहतातच. ते खरे आहे, आणि त्या सरावाचे मोल मी कमी लेखत नाही. हाडाचे उंचवटे बोटांनी शोधणे, नाडी शोधणे, स्वतःची उभे राहण्याची ढब सांभाळणे, हे मी मैत्रिणींच्या हातापायांवरच शिकले. पण मैत्रिणीचे कोपर निरोगी असते. स्नायूंचा ताठरपणा मोजण्याची अ‍ॅशवर्थची श्रेणी १९६४ मधली. १९८७ मध्ये तिच्यात सुधारणा झाली आणि १ व २ या पायऱ्यांच्या मध्ये १+ ही नवी पायरी आली. आज आम्ही ती सुधारित श्रेणी पाठ करतो. १ म्हणजे हालचालीच्या शेवटाला किंचित विरोध, किंवा हात क्षणभर अडकून लगेच मोकळा होणे. १+ म्हणजे आधी अडकणे आणि मग उरलेल्या, निम्म्याहून कमी हालचालीत हलका विरोध जाणवत राहणे. हे वाक्य कोणत्याही विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. पण ते अडकणे बोटांना कसे लागते, ते केवढ्या वेगाने हात सरळ केल्यावर येते, रुग्ण बिचकल्यामुळे आलेला विरोध आणि खरा ताठरपणा यांत फरक कसा करायचा, हे मैत्रिणीच्या कोपरात सापडत नाही. माझा हात आणि शिक्षकाचा हात एकाच रुग्णाच्या मनगटावर एकापाठोपाठ एक पडावा लागतो आणि ‘तुला किती वाटले? मला इतके वाटले’ असे बोलणे व्हावे लागते. स्नायूंच्या ताकदीचेही तसेच आहे. ० ते ५ या श्रेणीत ४ हा आकडा इतका मोठा पसारा पोटात घेऊन बसला आहे, की एकीचा ४ आणि दुसरीचा ४ यांत एका रुग्णाच्या महिनाभराच्या सुधारणेएवढे अंतर असू शकते.

गोनिओमीटरची, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाची, चूक तर मी वर्षभर केली. गुडघ्याचे वाकणे मोजताना त्याचा मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा, स्थिर पट्टी खुब्याकडच्या ग्रेटर ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावरील बाहेरच्या उंचवट्याच्या, रोखाने धरायची आणि सरकती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखाने. मी ट्रोकँटर शोधतच नव्हते. पांघरूण बाजूला करायचा, खुब्यावर हात ठेवायचा संकोच वाटायचा, म्हणून मांडीच्या वरच्या कडेला समांतर पट्टी धरून मी आकडा वाचत होते. गुडघ्याचा सांधा बदललेल्या एका आजींचे वाकणे माझ्या नोंदीत ९५ अंश होते. एका ज्येष्ठ थेरपिस्टने माझा हात धरून पट्टी जागेवर आणली तेव्हा ते ८२ निघाले. खुर्चीतून सहज उठायला गुडघा साधारण नव्वदच्या पुढे वाकावा लागतो. तेव्हा हा तेरा अंशांचा फरक कागदापुरता राहत नाही. माझ्या आकड्यावर विसंबून त्या आजींचे व्यायाम पुढच्या टप्प्यावर गेले असते. त्या थेरपिस्ट रागावल्या नाहीत. त्यांनी माझे बोट ट्रोकँटरवर टेकवले, आजींना पाय थोडा आत-बाहेर वळवायला सांगितला, आणि हाड बोटाखाली फिरलेले मला जाणवले. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम होते. ते मात्र पहिल्या वर्षातल्या प्रॅक्टिकलनंतर थेट तेव्हा झाले.

यंत्रांवरचे प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेले असतात. अल्ट्रासाउंडची १ आणि ३ मेगाहर्ट्झची वारंवारता, विद्युतप्रवाहांच्या लहरींच्या आकृत्या, निषिद्ध अवस्थांची यादी. यंत्र सुरक्षितपणे वापरता आलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परंतु सांध्यांच्या आणि स्नायूंच्या अनेक दुखण्यांत व्यायाम व रुग्णशिक्षण यांचा आधार भक्कम होत गेला असताना आणि अल्ट्रासाउंडसारख्या उपचारांचा आधार डळमळीत ठरत असताना, परीक्षेतला यंत्रांचा वाटा तेवढाच राहण्याचे एक कारण मला असे वाटते की यंत्राबद्दलचे उत्तर कागदावर तपासणे सोपे आहे. एखाद्या थकलेल्या माणसाला दहा वेळा खुर्चीतून उठायला कसे राजी करायचे, हे कागदावर तपासता येत नाही.

आता वेळेचा प्रश्न. शिक्षक थोडे, विद्यार्थी फार, ओपीडीत रांग, आणि त्यात प्रत्येकाच्या मागे कोणी उभे राहायचे? ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण मी प्रत्येक रुग्णाच्या वेळी पाहा असे म्हणत नाही. वैद्यकीय शिक्षणात १९९० च्या दशकापासून ‘मिनी-सीईएक्स’ (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज) नावाची एक पद्धत वापरात आहे. शिकाऊ डॉक्टर खऱ्या रुग्णाला तपासत असताना शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहायचे, एका पानावर नोंद करायची आणि तिथल्या तिथे काही मिनिटे बोलायचे, एवढेच तिचे स्वरूप. एकाच मोठ्या परीक्षेपेक्षा वेगवेगळ्या रुग्णांसोबत, वेगवेगळ्या शिक्षकांनी पाहिलेल्या अशा अनेक छोट्या भेटींतून विद्यार्थ्याचे चित्र अधिक खरे उमटते, हा तिच्यामागचा विचार. आम्हाला पंधरवड्यातून एकदा अशी वीस मिनिटे मिळाली, तरी एका शैक्षणिक वर्षात वीसच्या आसपास वेळा आमचे हात पाहिले जातील. मला चारही वर्षांत मिळून तेवढे मिळाले नाही. शिवाय ही वीस मिनिटे रुग्णसेवेतून वजा होत नाहीत. त्या वेळेत रुग्णावर उपचार चालूच असतो आणि तो एकाऐवजी दोन जणांच्या नजरेखाली होतो.

ऑस्की परीक्षा आहेच, असेही कोणी म्हणेल. १९७५ मध्ये डंडी इथे रोनाल्ड हार्डेन यांनी मांडलेली ही पद्धत, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या टेबलांवरून टेबलांवर फिरत एकेक कौशल्य दाखवण्याची परीक्षा, आमच्या शाखेने स्वीकारली हे फार चांगले झाले. सगळ्यांना सारखाच प्रश्न आणि सारखेच निकष असल्यामुळे परीक्षकाच्या मर्जीचा भाग कमी होतो. तरी घंटा वाजली की ऑस्कीतला रुग्ण संपतो. खरा रुग्ण व्यायामाच्या मध्येच रडू लागतो, त्याला चक्कर येते, त्याचा मुलगा येऊन ‘हे कधी चालतील?’ असे विचारतो, आणि आपण ठरवलेला सगळा क्रम मोडून पडतो. अशा वेळी मी काय करते, हे ऑस्कीला कधीच कळणार नाही.

एका शिक्षकांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. श्वसनविकारांच्या वॉर्डात ते आले की पलंगाच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे राहायचे. मध्ये बोलायचे नाहीत; रुग्णाला धोका होईल असे दिसले तरच एक शब्द. एकदा मी शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना खोकून कफ बाहेर काढायला शिकवत होते. पोटावरच्या टाक्यांवर उशी कशी धरायची, श्वास किती खोल घ्यायचा, हे सगळे मी सांगितले, त्यांनी केले, कफ आला नाही. मी पुन्हा सांगितले. पुन्हा नाही. नंतर बाहेर आल्यावर सरांनी विचारले, ‘त्या कशा बसल्या होत्या?’ मला आठवेना. त्या घसरून पलंगाच्या मध्यावर आल्या होत्या, पाठीला पोक आले होते, पोट दाबले गेले होते, आणि त्या अवस्थेत खोल श्वास घेणे कोणालाच जमले नसते. मी तोंडाने बरोबर सांगत होते आणि डोळ्यांनी पाहत नव्हते. सरांनी दुसरे काही विचारले नाही. परत आत जा, एवढेच म्हणाले. मी बाईंना वर सरकवून ताठ बसवले, पायांखाली आधार दिला, आणि दुसऱ्याच प्रयत्नात कफ सुटला. त्यानंतर आजतागायत कोणत्याही रुग्णाशी बोलायला तोंड उघडण्यापूर्वी मी तो कसा बसला आहे ते पाहते. माझ्या शिक्षणातला हा सर्वांत पक्का धडा एका माणसाच्या गप्प उभे राहण्यातून आला, आणि ते शिक्षक आमच्या वाट्याला सहाच आठवडे होते.

आपल्या व्यवसायाचा उगमही याच प्रश्नात आहे, असे इतिहास वाचताना मला जाणवले. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाजकर्त्या स्त्रियांची संस्था काढली, ती मसाजच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांमुळे आपले काम बदनाम होऊ नये म्हणून. कोणाचे हात विश्वासाचे, हे समाजाला सांगता यावे यासाठी त्यांनी परीक्षा आणि नियम घालून घेतले. पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांनी आणि पोलिओच्या साथींनी या कामाची गरज जगभर वाढवली, १९५१ मध्ये कोपनहेगनला जागतिक संघटना उभी राहिली, आणि रुग्णालयांतल्या प्रशिक्षणापासून सुरू झालेले हे शिक्षण हळूहळू विद्यापीठात आले. विद्यापीठात येण्याने आम्हाला खूप काही मिळाले. १९९९ मध्ये सुरू झालेल्या पेड्रो या संग्रहात आज फिजिओथेरपीच्या हजारो चाचण्या शोधता येतात. एखादा उपचार ‘आम्ही नेहमी असेच करतो’ म्हणून न करता त्याचा पुरावा मागण्याची सवय आम्हाला लागली, ती याच वाटेने. मला त्याआधीचे दिवस परत नको आहेत. पण अनुभवी व्यक्तीच्या शेजारी उभे राहून रोज तिच्या नजरेखाली काम करणे, हा जुन्या प्रशिक्षणाचा कणा या स्थलांतरात कुठेतरी मागे राहिला, आणि तो परत आणता येण्यासारखा आहे.

तो परत आणण्याची निकड आता जास्त आहे, कारण आमची जबाबदारी वाढली आहे. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून रुग्ण डॉक्टरांच्या चिठ्ठीविना थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतो, आणि त्यानंतर अनेक देशांनी हीच वाट धरली. याचा अर्थ, कंबरदुखी घेऊन आलेल्या माणसाला तपासणारी पहिली व्यक्ती मी असू शकते. हजारो कंबरदुख्यांत एखादी अशी असते की मणक्याच्या खालच्या टोकाशी मज्जातंतूंचा जुडगा दाबला जात असतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर लघवी व शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. ती ओळखण्यासाठी काय विचारायचे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे: लघवीला त्रास, शौचावरचा ताबा, दोन्ही पायांतली कमजोरी, आणि बसताना खोगिराला टेकेल त्या भागातली बधिरता. पण हे प्रश्न एका अनोळखी, वयाने मोठ्या माणसाला, पातळ पडद्याच्या अलीकडे, बाहेर त्याचे नातेवाईक बसलेले असताना विचारायचे असतात. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा माझा आवाज इतका खाली गेला की त्यांना ऐकूच आले नाही. त्यांनी नुसती मान हलवली आणि मी ‘नाही’ असे लिहून घेतले. पुढच्या प्रश्नावर जाण्याआधी मला लाज वाटली म्हणून मी पुन्हा, स्पष्ट विचारले, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल. तो प्रश्न न विचारताच ‘नाही’ लिहिणे किती सोपे आहे, हे त्या दिवशी मला कळले. आणि नोंदीच्या कागदावर विचारलेला ‘नाही’ आणि न विचारलेला ‘नाही’ हुबेहूब सारखे दिसतात.

इथे थोडे विषयाच्या कडेचे, पण सांगायलाच हवे असे एक. सरावासाठी आम्ही एकमेकांचे रुग्ण होतो तेव्हा पाठ, खांदा, मांडी उघडी करावी लागते. बहुतेक वेळा ‘तू झोप’ असे सांगितले जाते आणि कोणीतरी झोपते. त्या मुलीला किंवा मुलाला नको असेल तर, मासिक पाळी चालू असेल तर, अंगावर दाखवायचा नसलेला व्रण असेल तर, नाही म्हणण्याची वाट कोणती, हे आम्हाला कोणी सांगितलेले नसते. रुग्णाची परवानगी घ्यावी, हवा तेवढाच भाग उघडा करावा, बाकीचा झाकावा, हे आम्ही नीतिशास्त्राच्या तासाला शिकतो. पण परवानगी घेणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अंगाला आधी कळले तर ते पुढे पक्के राहील. माझ्या संमतीशिवाय मला उदाहरण केले गेले असेल, तर मी रुग्णाची संमती किती मनापासून घेईन? आमचे हात पाहणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्टही पाहावी. हात लावण्यापूर्वी विचारले का, उत्तराची वाट पाहिली का, आणि नकार आला तर काय केले, हे निरीक्षणाच्या त्या एका पानावर असावे.

आता नेमके काय करावे, याबद्दल माझ्या मनात जे आहे ते लिहिते. लॉगबुकातला सहीचा रकाना दोन भागांत करावा: एका भागात ‘उपस्थिती’ आणि दुसऱ्यात ‘प्रत्यक्ष पाहिले’. दुसऱ्या भागातली सही त्याच दिवशी, आणि खरोखर पाहिले असेल तरच व्हावी. ती जागा बहुतेक ओळींत रिकामी राहिली तरी हरकत नाही. निदान ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसेल. प्रत्येक पोस्टिंगमध्ये अशी किती निरीक्षणे झालीच पाहिजेत, याची किमान संख्या अभ्यासक्रमात लिहावी, तासांची लिहिता तशीच. निरीक्षणाची सुरुवात शेवटच्या वर्षापर्यंत लांबवू नये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने रुग्णाची ओळख करून घेणे आणि त्याला कुशीवर वळवणे एवढेच केले तरी ते कोणीतरी पाहावे, कारण चुकीची पकड पहिल्या महिन्यातच हाताला लागते आणि नंतर ती काढायला वर्ष जाते.

लगेच बोलण्यावर माझा विशेष भर आहे. सत्राच्या शेवटी मिळणारे ‘सुधारणेला वाव आहे’ हे वाक्य मला दोनदा मिळाले, आणि कशात, हे मला अजून माहीत नाही. त्याच सकाळी, रुग्ण आठवत असताना, एक गोष्ट जी चांगली झाली आणि एक जी उद्या वेगळी करायची आहे, एवढे सांगितले तरी चालेल. विद्यार्थ्याला आधी बोलू द्यावे. पुष्कळदा चूक त्याला कळलेली असते आणि फक्त कबूल करायला जागा हवी असते. त्यासाठी या निरीक्षणांतल्या निदान पहिल्या काहींना गुण नसावेत. गुण असले की आम्ही सोपा रुग्ण शोधू, जे येते तेच दाखवू, आणि जिथे खरोखर मदत हवी ती जागा लपवू. गुण नंतरच्या निरीक्षणांना द्यावेत, आणि ते लेखी परीक्षेच्या गुणांत बुडून जाऊ नयेत: लेखी परीक्षेत कितीही गुण असले तरी निरीक्षणांत जो सुरक्षित ठरला नाही, त्याला पुन्हा संधी द्यावी, पण पुढे पाठवू नये. हा नियम माझ्या बाबतीत लावला असता तर मला कदाचित एक पोस्टिंग पुन्हा करावे लागले असते. तरीही मी त्याची मागणी करते.

शिक्षकांच्या बाजूनेही काही बदलावे लागेल. विद्यार्थ्याला पाहणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळावे, आणि त्यात जाणारा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा. ओपीडी संपवून, घरी जायच्या घाईत कोणी आमच्याकडे पाहणार असेल तर ते पाहणे टिकणार नाही. एकाच वेळी एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत, याचा आकडा ठरवणे आपल्या हातात आहे. जागा वाढवताना तो आकडा आधी पाहिला जावा, अशी विनंती आहे. आणि रुग्णांनाही विचारावे. माझ्या हातांविषयी सर्वांत नेमके सांगू शकणारा माणूस पलंगावर झोपलेला असतो: दुखले का, काय करायचे आहे ते आधी कळले का, घरी करायचे व्यायाम समजले का. पक्षाघाताच्या त्या गृहस्थांना त्या दिवशी कोणी शांतपणे विचारले असते, तर झोपेचे कारण पुढे करून त्यांना मला वाचवावे लागले नसते.

त्या पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी ते पॅरलल बारमध्ये, म्हणजे आधाराच्या दोन समांतर दांड्यांमधून, चार पावले चालले. खांदा तेव्हाही दुखतच होता. हात झोळीत होता. माझ्या जागी पुढच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी येणार होती. मी तिला त्यांच्या पलंगापाशी नेले, पट्टा कुठे धरायचा ते दाखवले, तिच्याकडून दोन वेळा करून घेतले आणि ती करत असताना बाजूला उभी राहून पाहिले. दुसऱ्या वेळी तिचा हात बगलेकडे जायला निघाला होता. तिचा तिनेच मागे घेतला.

आपली नम्र,
शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी